संस्थेचा शब्द

छत्रपती संभाजीनगर शहराच्या उत्तरेस, अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हर्सूल हे जुने गाव आहे. एके काळी ते शहरापासून वेगळे होते. पुढे शहर वाढत वाढत त्याच्याभोवती पसरले आणि गाव महानगरपालिकेच्या हद्दीत आले. हरसिद्धी देवीचे देऊळ आणि गावाजवळचा विस्तीर्ण तलाव यांमुळे हर्सूलचे नाव पंचक्रोशीत सर्वांना ठाऊक आहे. जटवाड्याच्या बाजूच्या डोंगरांतून निघालेली खाम नदी या तलावात येते. तेथून पुढे ती पाणचक्की व छावणी यांच्या जवळून शहराच्या पश्चिम अंगाने वाहत जाते आणि शेवटी गोदावरीच्या खोऱ्यात विलीन होते.

हर्सूलच्या तलावाचे पाणी जुन्या शहरातील काही वस्त्यांना मिळते. शहराची मोठी तहान मात्र पैठणच्या नाथसागराच्या पाण्यावर भागते. या जलाशयाच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली व 1976 साली ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. खाम नदीचे पाणीही अखेर याच जलाशयाच्या दिशेने जाते. यास्तव शहराने नदीत लोटलेला कचरा आणि सांडपाणी कोठेतरी दूर नाहीसे होते, असे समजणे ही मोठी भूल होय. ती घाण फिरून शहराच्याच घागरीची वाट धरते. नदी स्वच्छ ठेवणे हा येथे हौसेचा विषय उरत नाही. तो पिण्याच्या पाण्याचा प्रश्न होतो.

पाण्यासाठी झटण्याची परंपरा या भूमीत जुनी आहे. 1610 साली मलिक अंबराने खडकी येथे नगर वसविले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाते. नव्या नगराला पाणी मिळावे म्हणून मलिक अंबराने उत्तरेकडून, हर्सूलच्या बाजूने, भूमिगत नहर आणली. जमिनीखालच्या बांधीव मार्गाने, केवळ उताराच्या बळावर पाणी शहरापर्यंत येई. पाण्याचा दाब आणि नळातील हवा यांचे नियमन व्हावे म्हणून वाटेत ठिकठिकाणी मनोरे उभारलेले होते. हे काम कशासाठी केले, हे नगरवासीयांना सांगत बसण्याची गरज नव्हती. सकाळी हौदात पाणी आले की कामाचा हेतू आपोआप कळे.

आजचा काळ वेगळा आहे. राजाच्या आज्ञेने आणि त्याच्या खजिन्यातून होणारी कामे आता सरकार, नगरपालिका व ग्रामपंचायती करतात. आणि जेथे त्यांचे हात अपुरे पडतात, तेथे नागरिक एकत्र येऊन संस्था स्थापन करतात. नदी, वन, पक्षी, माती यांच्या रक्षणासाठी अशा अनेक संस्था देशभर काम करीत आहेत. त्यांना नफा मिळवावयाचा नसतो. त्यांच्यापाशी सैन्य नसते, सत्ता नसते, आणि बहुधा पैसाही नसतो. कोणी श्रम देतो, कोणी द्रव्य देतो, कोणी आपले ज्ञान देतो. त्यावर संस्था चालते. परंतु अनोळखी माणसाने आपला रविवार किंवा आपल्या कमाईचा अंश संस्थेला का द्यावा? या प्रश्नाचे उत्तर संस्थेला आधी शब्दांनी द्यावे लागते. आपण कोण, काय करणार, कोणासाठी करणार, हे तिला लोकांपुढे मांडावे लागते. या मांडणीलाच संस्थेचे उद्दिष्ट असे म्हणतात.

उद्दिष्ट लिहून देणे ही केवळ शिष्टाचाराची बाब नाही. 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाप्रमाणे सात किंवा अधिक व्यक्तींना एकत्र येऊन संस्थेची नोंदणी करता येते. त्या वेळी संस्थेचे नाव, तिचे उद्देश आणि तिचा कारभार पाहणाऱ्यांची नावे लेखी द्यावी लागतात. महाराष्ट्रात 1950 च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमान्वये धर्मादाय आयुक्तांची अशा संस्थांवर देखरेख असते, आणि त्यांना आपले हिशेब ठेवून ते तपासून घ्यावे लागतात. म्हणजे संस्थेचा जन्मच एका लेखी वचनाने होतो. पुढे ती मोठी झाली, तिला कीर्ती मिळाली, तरी त्या वचनातून तिची सुटका नाही.

परंतु सर्व वचने सारख्याच योग्यतेची नसतात. समजा, काही मंडळींनी हर्सूलच्या तलावासाठी संस्था काढण्याचे ठरविले. एकाने उद्दिष्ट लिहिले: ‘निसर्गाचे संवर्धन करून भावी पिढ्यांना सुंदर वसुंधरा अर्पण करणे.’ दुसऱ्याने लिहिले: ‘तलावाला मिळणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी साचणारा कचरा दर आठवड्यास उचलणे, काठावर लावलेल्या झाडांची दर उन्हाळ्यात मोजणी करणे, आणि तलावातील पाण्याची पातळी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गावातील फळ्यावर लिहिणे.’ पहिले वाक्य कानाला गोड लागते. ते हर्सूललाच काय, पृथ्वीच्या पाठीवरील कोणत्याही गावाला लागू पडेल. आणि म्हणूनच ते पुरे झाले की नाही, हे कधीही कोणाला सांगता येणार नाही. दुसऱ्या वाक्यात अलंकार नाहीत. परंतु फळा कोरा राहिला, तर शाळेत जाणारे पोरही विचारील की, या महिन्याची पातळी का लिहिली नाही? उद्दिष्ट लिहिणाऱ्याने स्वतःला असे बांधून घ्यावे, यातच त्याचा प्रामाणिकपणा दिसतो.

थोड्या शब्दांत उद्दिष्ट कसे बांधावे, याचा एक चांगला दाखला महाराष्ट्राच्या आदर्श गाव योजनेत सापडतो. नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान अशी तिची पाच सूत्रे गावोगावी ठाऊक झाली. या शब्दांत ‘पर्यावरण’ हा शब्द एकदाही येत नाही. तथापि कुऱ्हाडबंदी म्हटले की डोंगरावरचे झाड तोडायचे नाही, आणि चराईबंदी म्हटले की राखलेल्या कुरणात गुरे मोकाट सोडायची नाहीत, हे निरक्षर माणसालाही कळते. कोणी कुऱ्हाड घेऊन डोंगराकडे निघाला, तर वचन मोडले हे साऱ्या गावाला दिसते.

अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, हिवरे बाजार या गावाने याच वाटेने जाऊन पुढचे पाऊल टाकले. तेथे पावसाची मोजणी होते आणि विहिरींच्या पाण्याची पातळी पाहिली जाते. पावसाने किती पाणी दिले, त्यातले पिण्यासाठी किती राखून ठेवावे, गुरांना किती लागेल व शेतीसाठी किती उरेल, असा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवला जातो. पाऊस कमी झाला, तर अधिक पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत, असे गाव ठरविते. पावसाचे आकडे डोळ्यांसमोर असल्यामुळे हा निर्णय कोणी लादला आहे, असे कोणास वाटत नाही. ज्याला शेतातले पीक बदलावे लागते, त्याला त्याचे कारणही कळलेले असते.

उद्दिष्ट मांडण्याचा दुसरा मार्ग म्हणजे आपले दार उघडे ठेवणे. 15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत आठ निसर्गप्रेमी गृहस्थांनी ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ ही संस्था स्थापन केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. निसर्गाविषयीची निरीक्षणे एकमेकांस सांगावी व नमुने जमवावे, हा त्यांचा साधा हेतू होता. 1886 पासून संस्थेने आपले नियतकालिक काढण्यास आरंभ केला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी सलीम अली नावाचा एक मुलगा, छऱ्याच्या बंदुकीने मारलेली एक वेगळीच चिमणी घेऊन संस्थेत आला. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती जात, हे त्याला जाणून घ्यायचे होते. संस्थेचे चिटणीस मिलर्ड यांनी त्याला परत पाठविले नाही. त्यांनी ती चिमणी ओळखून दिली आणि संग्रहातील पक्ष्यांचे नमुने त्याला दाखविले. शिकारीसाठी बंदूक धरणारा तो मुलगा पुढे जगप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ झाला. भारतीय पक्ष्यांवरील त्याचे पुस्तक 1941 साली प्रसिद्ध झाले. संस्थेने त्या दिवशी मुलाला कोणतेही भाषण ऐकविले नव्हते. तिने आपला संग्रह उघडून दाखविला आणि तेवढ्याने तिचे उद्दिष्ट त्याच्या मनात उतरले. हर्सूलहून शहरात शिरताना दिल्ली दरवाजाजवळ जे सरोवर लागते, त्याला आज सलीम अलींचेच नाव आहे. पूर्वी ते खिजरी तलाव म्हणून ओळखले जाई.

पुष्कळ लोकांना थोड्या दिवसांत कामाला लावायचे असेल, तर मात्र एका दाराने भागत नाही. 2016 साली मराठवाड्यात दुष्काळ इतका तीव्र झाला की, लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. त्याच वर्षी ‘पाणी फाउंडेशन’ या संस्थेने जलसंधारणाची स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई हे तीनच तालुके तीत होते. प्रत्येक गावातून काही माणसांना आधी प्रशिक्षण दिले जाई. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी कसे अडवावे, सलग समतल चर कसे खोदावे, बांध कोठे घालावा, हे त्यांना प्रत्यक्ष जागेवर शिकविले जाई. मग दीड महिन्याच्या मुदतीत गावाने श्रमदान करायचे आणि झालेल्या कामाचे मोजमाप होऊन गुण मिळायचे. पहिला मान सातारा जिल्ह्यातील वेळू या गावाला मिळाला. पुढील वर्षी स्पर्धेतील तालुके तीस झाले. कडक उन्हात हजारो हात कुदळ-फावडे घेऊन का उठले, याचे कारण उघड आहे. ‘पाणी वाचवा’ हे उपदेशाचे वाक्य संस्थेने घनमीटरच्या हिशेबात मांडले होते, आणि खोदलेला चर मोजता येतो.

तथापि मोजमापालाही मर्यादा असते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. चर किती खोदले हे एका दिवसात मोजता येते. पाणी किती मुरले व किती वर्षे टिकले, हे कळण्यास अनेक पावसाळे जावे लागतात. मुरलेले पाणी दुसऱ्याच वर्षी अधिक पंप लावून उपसून टाकले, तर कागदावरचे आकडे खरे असूनही विहीर कोरडीच राहील. झाडांच्या बाबतीतही हेच घडते. लावलेल्या झाडांची संख्या सांगणे सोपे. जगलेल्या झाडांची संख्या सांगणे अवघड. आफ्रिकेतील केनिया देशात वांगारी मथाई या विदुषीने 1977 साली ‘ग्रीन बेल्ट’ ही वृक्षारोपणाची चळवळ सुरू केली. खेड्यांतील स्त्रिया रोपे वाढवीत व लावीत. परंतु रोप लावले म्हणून त्यांना लगेच मोबदला मिळत नसे. ते जगले असे दिसल्यावरच अल्पसा मोबदला हाती पडे. या एका नियमाने चळवळीचे उद्दिष्ट लोकांच्या गळी उतरले. खड्डे आणि रोपे यांपेक्षा उभ्या झाडाला तेथे अधिक मोल होते. मथाई यांना 2004 साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता पुन्हा खाम नदीकडे पाहावे. वर्षानुवर्षे वस्त्यांचे सांडपाणी आणि कचरा पात्रात पडत गेल्याने शहरातून जाणाऱ्या या नदीला लोक नाला म्हणू लागले होते. ज्याला नाला म्हटले, त्यात घाण टाकताना मन कचरत नाही. 2021 साली महानगरपालिका, छावणी परिषद, शहरातील उद्योग आणि पर्यावरणक्षेत्रात काम करणारी ‘इकोसत्त्व’ ही संस्था यांनी मिळून नदीच्या पुनरुज्जीवनाची मोहीम हाती घेतली. पुनरुज्जीवन म्हणजे पुन्हा जीव आणणे. हा शब्द मोठा आहे. पण मोहिमेत त्याचे लहान लहान तुकडे करण्यात आले. काठावर कचऱ्याचे ढीग कोठे पडतात ते पाहणे, तेथील वस्त्यांतून ओला व सुका कचरा वेगळा गोळा करणे, पात्रातील घाण व गाळ उपसणे, सांडपाणी पात्राबाहेर वळविणे, आणि किनाऱ्यावर इथल्याच मातीतील झाडे लावणे, अशी ही कामे होती. लोकांना काठावर यावेसे वाटेल अशा जागाही तयार केल्या गेल्या. माणूस नदीकाठी येऊन बसू लागला की, नदीत कचरा टाकणाऱ्यास पाहणारा डोळा तयार होतो. नाल्याला पुन्हा नदी म्हणावयास लावणे, हेही या कामाचे एक अंग होते.

असे काम वर्षा-दोन वर्षांत संपत नाही. वरच्या बाजूस एक नवी वस्ती झाली, तिचे सांडपाणी ओढ्यात सुटले, की खालच्या बाजूचे श्रम वाया जातात. म्हणूनच या क्षेत्रातील संस्थेने झालेल्या कामासोबत न झालेले कामही सांगणे अगत्याचे असते. रोगी बरा झाला असे सांगून वैद्याने औषध थांबविले आणि आजार मात्र अंगात तसाच राहिला, तर वैद्याची कीर्ती किती दिवस टिकेल?

पूर्वी संस्था आपले उद्दिष्ट पत्रकातून, वार्षिक अहवालातून किंवा दाराशी लावलेल्या पाटीवरून सांगत. आज बहुतेक संस्थांची संकेतस्थळे असतात. हर्सूलच्या मुलाला मुंबईच्या संस्थेचे काम घरबसल्या वाचता येते, आणि परदेशी गेलेल्या मराठी माणसाला आपल्या गावच्या ओढ्याची हकिकत तेथूनच कळते. ही सोय मोठी आहे. परंतु पाटी रंगविणे जितके सोपे झाले आहे, तितकीच ती वाचणाऱ्याची जबाबदारी वाढली आहे. सुंदर छायाचित्र हा पुरावा नव्हे. श्रावणात काढलेल्या चित्रात प्रत्येक नदी भरलेली आणि प्रत्येक टेकडी हिरवी दिसते. नदीची खरी परीक्षा वैशाखात होते. चित्र कोणत्या महिन्याचे आहे, एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

असेच आणखी काही प्रश्न वाचकाने जवळ बाळगावेत. संस्था नेमके कोणत्या जागी काम करते? त्या जागेवर राहणाऱ्या लोकांचा त्या कामात वाटा आहे काय, की त्यांच्या नावावर दुसऱ्यांनीच सर्व ठरविले आहे? आरंभी स्थिती काय होती, ते मोजून ठेवले आहे काय? आरंभीचे माप नसेल, तर सुधारणा झाली की नाही, हे कशावरून ठरवावे? पैसा कोठून आला आणि कोठे खर्च झाला, हे उघड केले आहे काय? आणि अपेक्षेप्रमाणे जे घडले नाही, त्याविषयी एखादे वाक्य तरी लिहिले आहे काय? ज्या अहवालात केवळ यशच आहे, तो अपुरा समजावा. कारण निसर्गाशी चाललेल्या कोणत्याही कामात अवर्षण, रोगराई आणि माणसाची हेळसांड ही येतातच.

हे प्रश्न संशयाने किंवा उपहासाने विचारायचे नसतात. चांगली संस्था त्यांचे स्वागतच करते, कारण पारख केल्याने खऱ्या सोन्याची किंमत कमी होत नाही. उलट, गोड शब्दांवर विसंबून लोकांनी एकदा फसगत करून घेतली, तर पुढे प्रामाणिकपणे मदत मागणाऱ्यालाही ते दारातून परत पाठवितात. एका संस्थेने मोडलेल्या वचनाची किंमत अशी दुसऱ्या संस्थांना, आणि अखेर नदीला, द्यावी लागते.

निसर्गाच्या कामात यश आले की नाही, हे ठरविण्याचा पहिला अधिकार त्या निसर्गाच्या सान्निध्यात राहणाऱ्यांचा आहे. तलावाच्या काठी गुरे पाजणारा गुराखी, पहाटे नळाखाली हंडा धरणारी गृहिणी आणि पुलावरून शाळेला जाणारी मुले यांना पाण्याचा रंग व वास रोज कळतो. संस्थेने आपले उद्दिष्ट या माणसांना समजेल अशा भाषेत लिहावे, आणि या माणसांनी ते वाचून तिला वेळोवेळी जाब विचारावा. शब्द देणारा आणि तो पारखणारा असे दोघेही जागे असले, म्हणजे नदीला राखणदार मिळतो.

अभ्यास

1. खाम नदीत टाकलेली घाण शहराच्याच घागरीची वाट धरते, असे पाठात का म्हटले आहे?
2. हर्सूलच्या तलावासाठी लिहिलेल्या दोन उद्दिष्टांतील फरक आपल्या शब्दांत सांगा.
3. ‘लावलेली झाडे’ आणि ‘जगलेली झाडे’ या दोन गणनांपैकी कोणती अधिक महत्त्वाची? केनियातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.
4. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : श्रमदान, ताळेबंद, पुनरुज्जीवन, राखणदार.
5. आपल्या गावातील विहीर, ओढा, तलाव किंवा टेकडी यांपैकी एकाच्या रक्षणासाठी संस्था काढावयाची आहे असे समजून, तिचे उद्दिष्ट तीन वाक्यांत लिहा. प्रत्येक वाक्य वर्षअखेरीस पडताळून पाहता येईल असे असावे.